पन्नाशीनंतर कामगार कपात: ठाणे-नवी मुंबईतील नोकरदारांनी काय करावे, काय टाळावे

ऐरोली-महापेच्या आयटी पार्कमधला कर्मचारी असो, रबाळे-तुर्भ्याच्या रासायनिक कारखान्यातला ऑपरेटर असो किंवा वागळे इस्टेटमधल्या जुन्या गाळ्यातला फिटर असो, पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला कपातीची चाहूल लागली की तो पहिला प्रश्न एकच विचारतो: केवळ वय झाले म्हणून मला काढता येते का? उत्तर थोडे निराश करणारे आहे. खासगी नोकरीत वयावरून भेदभाव करण्यास बंदी घालणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही, आणि राज्यघटनेतील समानतेची १४ व १६ ही कलमे सरकारला व सरकारी संस्थांना बांधतात, खासगी मालकाला थेट बांधत नाहीत. मात्र जे संरक्षण आपल्या कायद्याने वयाला दिले नाही, ते त्याने नोकरीच्या वर्षांना दिले आहे. भरपाई किती मिळणार, ग्रॅच्युइटी किती होणार आणि एकाच कामावरच्या माणसांपैकी आधी कोणाला काढायचे, हे सारे कामावर रुजू झाल्याच्या तारखेवर ठरते. त्यामुळे एकाच कंपनीत सव्वीस वर्षे काढलेला चौपन्न वर्षांचा कामगार कायद्याच्या दृष्टीने सर्वांत भक्कम जागी उभा असतो. उलट त्याच वयाचा, पण दीड वर्षापूर्वी रुजू झालेला कामगार सहा वर्षे नोकरी झालेल्या तिशीतल्या सहकाऱ्याच्याही आधी बाहेर पडू शकतो.

अमेरिकन कंपन्यांसाठी काम करणाऱ्या मंडळींचा आणखी एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. अमेरिकेत १९६७ च्या कायद्याने चाळीस व त्याहून अधिक वयाच्या कर्मचाऱ्यांना वयाच्या भेदभावापासून संरक्षण दिले आहे. १९९० च्या दुरुस्तीनुसार अशा कर्मचाऱ्याकडून वयासंबंधीचे हक्क सोडल्याची सही घेताना त्याला विचार करण्यासाठी २१ दिवस, सामूहिक कपात असेल तर ४५ दिवस, आणि सही केल्यावर ती मागे घेण्यासाठी ७ दिवस द्यावे लागतात. हा कायदा अमेरिकेतील नोकऱ्यांना आणि परदेशात अमेरिकन कंपनीत काम करणाऱ्या अमेरिकन नागरिकांना लागू होतो. ऐरोलीत बसून काम करणाऱ्या भारतीय नागरिकाला तो लागू होत नाही, मुख्य कचेरी न्यूयॉर्कला असली तरीही. येथे सही मागे घेण्यासाठी सात दिवसांची मुदत कोणी देत नाही, आणि म्हणूनच सही करण्यापूर्वीचा विचार येथे अधिक महत्त्वाचा ठरतो.

दुसरी पार्श्वभूमी कायद्याच्या बदलाची आहे. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या असून १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने, तर १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. कपातीविषयीची मूळ चौकट बरीचशी तीच राहिली आहे, काही आकडे बदलले आहेत. ज्यांना त्या तारखेपूर्वी काढले गेले, त्यांनी आपले प्रकरण जुन्या कायद्यानुसार तपासून घ्यावे.

आधी ठरवा: कायद्याच्या व्याख्येत तुम्ही कामगार आहात का

कपातीची भरपाई, नोटीस आणि सेवाज्येष्ठतेचा नियम हे हक्क 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्यांना मिळतात. अंगमेहनतीचे, कुशल-अकुशल, तांत्रिक, कारकुनी आणि अगदी देखरेखीचे काम करणारेही या व्याख्येत येतात. मात्र देखरेखीचे काम करणाऱ्याचे वेतन महिना १८,००० रुपयांपेक्षा अधिक असेल, किंवा काम मुख्यतः व्यवस्थापकीय स्वरूपाचे असेल, तर तो बाहेर पडतो. येथे बरेच जण स्वतःच स्वतःला बाद करून टाकतात, कारण कार्डावर 'असिस्टंट मॅनेजर' असे छापलेले असते. न्यायालय पदनाम पाहत नाही, प्रत्यक्ष काम पाहते. हाताखाली माणसे नाहीत, कोणाची रजा मंजूर करण्याचा अधिकार नाही, कोणाच्या पगारवाढीवर शेरा लिहायचा नाही, आणि दिवसभर यंत्रावर, प्रयोगशाळेत किंवा संगणकावर तांत्रिक काम करायचे, अशा माणसाचा पगार साठ हजार असला तरी तो कामगार असू शकतो, कारण १८,००० ची मर्यादा फक्त देखरेखीच्या कामाला आहे. म्हणून आपण प्रत्यक्षात काय करतो हे दाखवणारे कागद, म्हणजे शिफ्टचे वेळापत्रक, कामाच्या नोंदी, वरिष्ठांकडून आलेल्या कामाच्या सूचना, यांना पदनामापेक्षा अधिक किंमत आहे.

राजीनाम्याचा कागद

या संपूर्ण विषयातले सर्वांत महत्त्वाचे एकच वाक्य सांगायचे झाले तर ते असे आहे: राजीनामा देऊ नका. कपात झाली तर मालकाला नोटीस द्यावी लागते, भरपाई द्यावी लागते, सरकारला कळवावे लागते आणि ज्येष्ठतेचा क्रम पाळावा लागतो. राजीनामा आला की यातले काहीच करावे लागत नाही. पंचवीस वर्षे नोकरी झालेल्या माणसाची भरपाई लाखांत जाते, त्यामुळे जुन्या माणसाकडून राजीनामा मिळवण्यात कंपनीचा फायदाही सर्वांत मोठा असतो.

हे कसे घडते ते जवळून पाहण्यासारखे आहे. बोलावणे बहुधा दुपारनंतर येते, शक्यतो शुक्रवारी. एचआरच्या दालनात टेबलावर तयार छापील कागद असतो; त्यावर 'वैयक्तिक कारणास्तव मी स्वेच्छेने राजीनामा देत आहे' असे लिहिलेले असते आणि तारखेची जागा कोरी असते. सोबत फुल अँड फायनलची, म्हणजे अंतिम हिशेबाची, पावती असते, जिच्यात 'माझे कंपनीकडे कोणतेही येणे शिल्लक नाही' हे वाक्य रकमेच्या आधीच छापलेले असते. आवाज मऊ असतो: साहेब, टर्मिनेशनचा शिक्का कशाला लावून घेता, राजीनामा दिलात तर अनुभवाचा दाखला स्वच्छ मिळेल, दोन महिन्यांचा पगारही देऊ. अशा वेळी वाद घालण्याची गरज नाही. 'कागद वाचायला द्या, घरी विचार करून कळवतो' एवढेच म्हणावे, कागदाची प्रत मागावी, आणि मिळाली नाही तर त्यातला मजकूर लक्षात ठेवून बाहेर येताच लिहून काढावा. सही न केल्यामुळे कायदेशीर हक्काची एकही रक्कम कमी होत नाही.

त्याच रात्री स्वतःच्या खासगी ईमेलवरून कंपनीला एक छोटे पत्र पाठवावे आणि दुसऱ्या दिवशी तेच स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवावी. मजकूर असा असावा: 'आज दिनांक अमुक रोजी सायंकाळी अमुक वाजता मला अमुक अधिकाऱ्यांच्या दालनात बोलावून राजीनामापत्रावर सही करण्यास सांगण्यात आले. सही न केल्यास माझा हिशेब व अनुभवाचा दाखला रोखण्यात येईल, असेही सांगण्यात आले. मी राजीनामा दिलेला नाही व देऊ इच्छित नाही. मी नेहमीप्रमाणे कामावर हजर राहण्यास तयार आहे.' दडपणाखाली सही झालीच असेल तर पत्रात 'ती सही माझ्या स्वेच्छेने झालेली नसून मी सदर राजीनामा मागे घेत आहे' असे लिहावे. हे पत्र जितके लवकर जाईल तितके त्याला वजन. तीन महिन्यांनी, दुसरी नोकरी मिळाली नाही म्हणून लिहिलेल्या पत्रावर न्यायालय सहजासहजी विश्वास ठेवत नाही.

सही नाकारल्यावर पुढचा प्रसंग गेटवर घडतो. कार्ड बंद केले जाते, सुरक्षारक्षक आत सोडत नाही, आणि काही दिवसांनी 'आपण विनापरवानगी गैरहजर आहात, आपण काम सोडून गेलात असे समजण्यात येत आहे' असे पत्र घरी येते. हे टाळण्यासाठी शिफ्टच्या वेळेला गेटवर जावे, प्रवेश नाकारला गेल्याचे त्याच दिवशी ईमेलने कळवावे, आणि त्याची प्रत कामगार आयुक्तांच्या कार्यालयाला द्यावी. अशा काळात कंपनीकडून आलेले टपाल नाकारू नये. नाकारलेले टपाल पोहोचले असेच धरले जाते.

राजीनाम्याचे एक गोड रूपही आहे, आणि ते पन्नाशीच्या पुढच्यांसाठीच जणू बेतलेले असते. 'पर्मनंट नोकरी सोडा, सल्लागार म्हणून पुन्हा घेतो' किंवा 'एक वर्षाच्या मुदतीच्या करारावर घेतो' असा प्रस्ताव येतो. पगार तोच राहतो, टेबलही तेच राहते, फक्त मागची वर्षे पुसली जातात. मुदतीचा करार संपला म्हणून नोकरी संपणे ही कायद्याने कपात ठरत नाही, त्यामुळे वर्षभराने नूतनीकरण झाले नाही तर कपातीची भरपाई मागण्याचा आधार उरत नाही. माझ्या मते निवृत्तीला वर्ष-सहा महिने उरले असतील आणि संपूर्ण हिशेब आधी हातात पडत असेल तरच या प्रस्तावाचा विचार करावा.

कपात कायदेशीर ठरण्यासाठी कंपनीने काय करायला हवे

एका मालकाकडे सलग एक वर्ष नोकरी झालेल्या कामगाराला काढताना कारणे नमूद केलेली एक महिन्याची लेखी नोटीस किंवा त्याऐवजी एक महिन्याचे वेतन द्यावे लागते. सलग वर्ष याचा अर्थ मागील बारा महिन्यांत किमान २४० दिवस काम झालेले असणे. पगारी रजा या दिवसांत धरल्या जातात. याशिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई द्यायची असते आणि शेवटचे वर्ष सहा महिन्यांपेक्षा अधिक भरले असेल तर तेही पूर्ण धरायचे असते. शासनालाही ठरलेल्या रीतीने कळवावे लागते. नोटीस आणि भरपाई या कपातीच्या पूर्वअटी आहेत, म्हणजे पैसे काढतानाच द्यायचे असतात. 'आज सही करा, रक्कम पंचेचाळीस दिवसांत खात्यावर येईल' हे कंपनीच्या सोयीचे वेळापत्रक आहे, कायद्याचे नव्हे. ही अट मोडली तर कपात बेकायदा ठरू शकते, मात्र अशा वेळी पुन्हा कामावर घेण्याचा आदेश आपोआप मिळतो असे नाही. गेल्या काही वर्षांत न्यायालये अनेकदा नोकरीऐवजी एकरकमी भरपाई देतात, हे ध्यानात ठेवूनच लढ्याचा आराखडा करावा.

तीनशे किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्याला यापेक्षा कडक नियम आहे: तेथे तीन महिन्यांची नोटीस आणि शासनाची पूर्वपरवानगी लागते. जुन्या कायद्यात ही मर्यादा १०० होती, त्यामुळे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातले अनेक मध्यम कारखाने आता या परवानगीच्या कक्षेबाहेर गेले आहेत. परवानगीच्या अर्जावर साठ दिवसांत निर्णय कळवला गेला नाही तर परवानगी मिळाली असे धरले जाते, म्हणून अर्ज झाल्याचे कळताच युनियनने किंवा कामगारांनी आपले लेखी म्हणणे ताबडतोब मांडले पाहिजे.

जुन्या माणसासाठी खरे हत्यार मात्र सेवाज्येष्ठतेचे आहे. एका प्रकारच्या कामावरील माणसांपैकी जो शेवटी आला त्याला आधी काढायचे, असा सर्वसाधारण नियम आहे; मालकाला तो मोडायचा असेल तर त्याची कारणे नोंदवावी लागतात. 'जास्त पगाराची माणसे आधी' हे असे कारण म्हणून सहज टिकत नाही. राज्याच्या १९५७ च्या नियमांत कपातीच्या किमान सात दिवस आधी ज्येष्ठता यादी सूचना फलकावर लावण्याची तरतूद होती. यादी लावली असेल तर तिचा फोटो घ्यावा, आपल्या नावासमोरची रुजू तारीख तपासावी आणि यादी लागली नसेल तर तसे पत्राने कळवावे. प्रशिक्षणार्थी किंवा हंगामी म्हणून काढलेली पहिली वर्षे यादीतून अनेकदा गळतात. जुने नेमणूकपत्र, पहिली पगारपत्रके आणि भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी अशा वेळी उपयोगी पडतात.

याच्या जोडीला पुनर्नियुक्तीचा हक्क आहे, ज्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. कपातीनंतर वर्षभराच्या आत कंपनीला पुन्हा माणसे घ्यायची असतील तर काढलेल्या कामगारांना आधी संधी द्यावी लागते. पंचावन्न वर्षांच्या तंत्रज्ञाला काढून चार महिन्यांनी त्याच कामासाठी पंचविशीतल्या मुलांची जाहिरात दिली जाते, तेव्हा ती जाहिरात तारखेसह जपून ठेवावी आणि आपण काम करण्यास तयार असल्याचे लेखी कळवावे. वयाच्या भेदभावाविरुद्ध कायदा नसलेल्या देशात त्याच्या सर्वांत जवळ जाणारा उपाय हाच आहे.

नोटिशीत 'ले-ऑफ' असा शब्द असेल तर ती नोटीस नीट वाचावी. कायद्यात तो शब्द तात्पुरत्या कामबंदीसाठी आहे. नोकरी चालू राहते आणि पात्र कामगाराला अर्धे वेतन मिळते. अशा नोटिशीवर हिशेब घेऊन घरी बसू नये.

हिशेब स्वतः मांडा

एक उदाहरण घेऊ. तुर्भ्याच्या कारखान्यातील एका ऑपरेटरचा एकूण पगार ६२,००० रुपये आहे. त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून ३९,००० आणि बाकी घरभाडे, प्रवास वगैरे भत्ते आहेत. नोकरी २३ वर्षे ८ महिने, म्हणजे हिशेबासाठी २४ वर्षे. कपातीची भरपाई अर्ध्या महिन्याच्या दराने, म्हणजे १९,५०० गुणिले २४, होते ४,६८,००० रुपये. ग्रॅच्युइटीचा हिशेब वेगळा आहे: तेथे महिना २६ दिवसांचा धरतात, म्हणून दिवसाचे वेतन १,५००, पंधरा दिवसांचे २२,५००, आणि चोवीस वर्षांचे ५,४०,००० रुपये. नोटिशीऐवजी वेतन दिले तर आणखी ३९,०००. नव्या संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधीही आहे. त्यात मालकाने पंधरा दिवसांच्या शेवटच्या वेतनाइतकी रक्कम भरायची आणि ती कपातीपासून ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यावर जमा व्हायची आहे. शिल्लक रजेचे पैसे, बोनसचा भाग आणि चालू महिन्याचा पगार वेगळाच. एकूण रक्कम साडेदहा लाखांच्या पुढे जाते. 'दोन महिन्यांचा पगार देतो, राजीनामा द्या' या प्रस्तावाची किंमत या आकड्याशेजारी ठेवून पाहावी.

ज्यांचे मूळ वेतन मुद्दाम कमी ठेवले आहे त्यांनी एक तरतूद लक्षात घ्यावी. संहितेच्या व्याख्येनुसार वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरची रक्कम वेतनात मिळवावी लागते. ६२,००० पैकी मूळ वेतन केवळ १५,००० दाखवले असेल तरी हिशेब ३१,००० वर होतो. कंपनीने पाठवलेल्या तक्त्यात कोणता आकडा धरला आहे, हे सर्वांत आधी पाहावे.

कपात, राजीनामा किंवा बडतर्फी, कारण काहीही असो, थकीत वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत आणि ग्रॅच्युइटी तीस दिवसांत द्यावी लागते. ग्रॅच्युइटीला उशीर झाला तर व्याज द्यावे लागते. खासगी क्षेत्रात ग्रॅच्युइटीची कमाल मर्यादा २० लाख रुपये आहे. पाच वर्षे पूर्ण झालेल्या मॅनेजरलाही ती मिळते, कारण हा हक्क केवळ कामगारांपुरता नाही. 'लॅपटॉप परत केला नाही' किंवा 'नोटीस कालावधी भरला नाही' म्हणून ग्रॅच्युइटी रोखता येत नाही. रक्कम स्वीकारताना पावतीवर 'हक्क राखून, निषेधासह स्वीकारले' असे लिहावे; रक्कम परस्पर खात्यावर आली तर हेच ईमेलने कळवावे.

प्राप्तिकराचाही विचार करावा. ग्रॅच्युइटी २० लाखांपर्यंत, शिल्लक रजेचे पैसे २५ लाखांपर्यंत आणि कपातीची भरपाई ५ लाखांपर्यंत, त्या त्या अटींच्या अधीन राहून, करमुक्त असते. कंपनीने सगळी रक्कम 'एक्स-ग्रेशिया', म्हणजे स्वखुशीने दिलेली रक्कम, या एकाच मथळ्याखाली दाखवली तर ही सूट हातची जाते. म्हणून प्रत्येक रक्कम स्वतंत्र नावाने दाखवण्याचा आग्रह धरावा.

व्हीआरएस, निवृत्तीचे वय आणि कंपनीचा डॉक्टर

स्वेच्छानिवृत्ती ही कपात मानली जात नाही, म्हणून व्हीआरएसची रक्कम कायदेशीर भरपाईपेक्षा ठळकपणे जास्त असेल तरच ती घेण्यात अर्थ आहे. वरच्या उदाहरणातील ऑपरेटरला ग्रॅच्युइटी धरून आठ लाख देऊ केले, तर ती योजना नव्हे, तोटा आहे. जाहिरातीतील मोठ्या आकड्यात ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे आणि कधी कधी फंडही मिसळलेला असतो. ते वजा करून उरेल तीच खरी व्हीआरएस. निवृत्तीपर्यंत किती महिने उरले आहेत, हेही मोजावे. सत्तावन्नाव्या वर्षी मोठी रक्कम पुरेशी असते, एकावन्नाव्या वर्षी तीच रक्कम मुलांच्या शिक्षणात आणि घराच्या हप्त्यांत संपते.

निवृत्तीच्या वयाबाबत कंपनीच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नये. ते नेमणूकपत्रात, प्रमाणित स्थायी आदेशांत (म्हणजे कंपनीच्या मंजूर सेवानियमांत) किंवा युनियनबरोबरच्या करारात लिहिलेले असते. पेन्शन अठ्ठावन्नला सुरू होते म्हणून नोकरीही अठ्ठावन्नलाच संपते असे नाही. कागदावर साठ असेल तर कंपनीला ते परस्पर कमी करता येत नाही.

१९४७ च्या जुन्या कायद्यात सततच्या आजारपणामुळे नोकरी संपवणे हे कपातीच्या व्याख्येतून वगळलेले होते. बायपास झालेल्या किंवा मधुमेह असलेल्या जुन्या कामगाराला अचानक कंपनीच्या डॉक्टरकडे पाठवले जाते, तेव्हा ही तरतूद आठवावी. तपासणीला नकार देऊ नये, पण अहवालाची प्रत मागावी आणि ठाण्याच्या सिव्हिल हॉस्पिटलसारख्या सरकारी रुग्णालयातून स्वतंत्र तपासणी करून घ्यावी.

फंड, पेन्शन आणि दवाखाना

नोकरी गेल्यावर फंडाचे सगळे पैसे काढून टाकण्याची घाई अनेकांना होते. पेन्शन योजनेत दहा वर्षे पूर्ण झाली असतील तर पेन्शनचा भाग रोख मिळत नाही. त्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट घ्यावे, म्हणजे पुढच्या नोकरीत सेवा जोडली जाते. पन्नाशीनंतर मुदतपूर्व पेन्शन घेता येते, पण अठ्ठावन्नच्या आधीच्या प्रत्येक वर्षामागे ती चार टक्क्यांनी घटते आणि ही घट आयुष्यभर राहते. घरात चूल पेटायला दुसरा आधार असेल तर थांबणेच शहाणपणाचे. नाव, जन्मतारीख आणि नोकरी सोडल्याची तारीख या नोंदींतील चुका कंपनीशी संबंध आहेत तोवर दुरुस्त करून घ्याव्यात.

औषधपाण्याचा प्रश्न या वयात पैशांइतकाच मोठा असतो. किमान पाच वर्षे ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) असलेल्या आणि वयोमानाने किंवा स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडलेल्या कामगाराला वर्षाला केवळ १२० रुपये भरून स्वतःला आणि जोडीदाराला वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते; ठाण्यात वागळे इस्टेटला आणि नवी मुंबईत वाशीला कामगार विमा रुग्णालये आहेत. ईएसआयच्या वेतनमर्यादेबाहेरच्या मंडळींनी कंपनीच्या समूह विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज नोकरी संपण्यापूर्वीच करावा, कारण नंतर नवी पॉलिसी घेताना जुने आजार आड येतात.

दाद कुठे मागायची

अधिकारक्षेत्र कामाच्या जागेवर ठरते, राहत्या पत्त्यावर नव्हे. ऐरोली ते बेलापूर हा पट्टा ठाणे जिल्ह्यात येतो, त्यामुळे तेथील प्रकरणे ठाण्याच्या कामगार आयुक्तालयाच्या कार्यालयाकडे जातात. तळोजा औद्योगिक वसाहत मात्र पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात आहे. नवी मुंबई असे एकच नाव असल्यामुळे लोक चुकीच्या दारात जाऊन आठवडे घालवतात.

नोकरीवरून काढल्याचा वाद एकट्या कामगारालाही उपस्थित करता येतो. युनियन असलीच पाहिजे असे नाही. समेट अधिकाऱ्यापुढे अर्ज करावा, तेथे तडजोड झाली नाही तर अहवाल मिळाल्यापासून नव्वद दिवसांत न्यायाधिकरणात जाता येते. वाद निर्माण झाल्यापासून दोन वर्षे उलटली तर समेटाची कार्यवाही होत नाही. जुन्या कायद्याच्या तीन वर्षांवर विसंबून राहू नये. महाराष्ट्रात १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा कायद्याखाली, म्हणजे ज्याला कामगारवर्तुळात 'यूएलपी टाकणे' म्हणतात, तीही वाट आहे. तिची मुदत फक्त ९० दिवसांची, पण त्यात अंतरिम आदेश मागता येतो. नव्या संहितेने रद्द केलेल्या कायद्यांच्या यादीत हा राज्याचा कायदा नाही. तरी दोन वाटांपैकी कोणती धरायची हे कामगार न्यायालयात नियमित काम करणाऱ्या वकिलाशी बोलून पहिल्या महिन्यातच ठरवावे.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून घरी बसण्याचे कारण नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार औद्योगिक कामगाराला उत्पन्न किती आहे हे न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर विचारावे.

मॅनेजर मंडळींना समेट अधिकारी व न्यायाधिकरणाचा हा मार्ग खुला नाही. त्यांचा आधार म्हणजे नेमणूकपत्रातील नोटीस कालावधी, कंपनीचे लेखी धोरण, ग्रॅच्युइटी आणि फंड. त्यांनी राजीनामा देण्यापूर्वी वाटाघाटी कराव्यात, कारण सही हीच त्यांच्या हातातली एकमेव किल्ली असते. गोपनीय फायली खासगी ईमेलवर पाठवू नयेत. पगारपत्रके, फॉर्म १६ आणि मूल्यमापनाचे अहवाल एवढेच घ्यावे, नाहीतर तेच निमित्त करून बडतर्फी होते.

कंपनीच बंद झाली आणि जमीन विकली गेली तर

ठाण्यात पोखरण रस्त्यावर आणि घोडबंदर पट्ट्यात जेथे भोंगे वाजत तेथे आज टॉवर उभे आहेत, आणि त्यांतल्या काही कारखान्यांच्या कामगारांचे हिशेब वर्षानुवर्षे अडकले. बंद पडलेल्या कारखान्याच्या कामगारांनाही सामान्यतः कपातीसारखीच नोटीस व भरपाई मिळते. शिवाय बंद उद्योगाच्या जमिनीवर निवासी बांधकामाची परवानगी देताना कामगारांची देणी चुकती झाल्याबाबत कामगार आयुक्तांचा ना हरकत दाखला मागितला जातो. म्हणून व्यवहाराची कुणकुण लागताच थकीत देण्यांचा तक्ता, कामगारांची नावे व रुजू तारखांसह, कामगार आयुक्तांना द्यावा आणि त्याची प्रत महापालिकेच्या शहर विकास विभागाला देऊन दोन्हीकडून पोहोच घ्यावी. मधल्या काळात जे कामगार वारले त्यांच्या वारसांची नावेही याच तक्त्यात घालावीत; ग्रॅच्युइटी वारसाला मिळते, आणि मृत्यू नोकरीत असतानाच झाला असेल तर पाच वर्षांची अटही लागत नाही.